बातमीआधीची नोंद

बार्शीच्या बाजार समितीतला ज्वारीचा भाव वर्तमानपत्रात एका ओळीपेक्षा जास्त जागा घेत नाही. आवक इतके क्विंटल, किमान दर इतका, कमाल इतका, सर्वसाधारण इतका; संपले. शहरातला वाचक त्या ओळीवरून नजरही फिरवत नाही. पण वैरागच्या किंवा परंड्याच्या शेतकऱ्याला त्याच चार आकड्यांवरून ठरवायचे असते, की माल उद्या टेम्पोत भरायचा की आणखी आठवडाभर घरात ठेवायचा. उदाहरणादाखल धरू, एखाद्या दिवशी किमान दर २,२००, कमाल ४,००० आणि सर्वसाधारण २,६०० रुपये निघाला. चार हजारांचा भाव टपोऱ्या, मोत्यासारख्या मालदांडीच्या दहा-पंधरा कट्ट्यांनाच मिळालेला असू शकतो. बाकी सारा बाजार सव्वीसशेच्या आसपास झालेला असतो. नवखा बातमीदार मथळा करतो, ‘ज्वारी चार हजारांवर’. तो खोटे लिहीत नाही. पण त्या मथळ्याच्या भरवशावर दुसऱ्या दिवशी आलेला शेतकरी गाडीभाडे, हमाली, तोलाई भरून सव्वीसशेची पट्टी खिशात घालून परततो. मुरलेला बातमीदार आधी आवक बघतो, मग सर्वसाधारण दर, आणि कमाल दर कोणत्या प्रतीच्या किती मालाला लागला हे आडत्याला विचारून मगच कागदावर पेन टेकवतो. दोघांच्या बातमीत फरक चार शब्दांचा असतो. ते चार शब्द कुठे घालायचे हे कळायला मात्र बरेच हंगाम बाजारात काढावे लागतात.

तालुक्याच्या गावी तीस-पस्तीस वर्षे वर्तमानपत्राचे काम केलेल्या माणसाविषयी बोलायची वेळ आली, की आपण त्याने ‘गाजवलेल्या’ बातम्या आठवू लागतो. उघडकीला आणलेला घोटाळा, बातमीमुळे बदली झालेला अधिकारी, विधानसभेत पोचलेला प्रश्न. १८३२ मध्ये ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, म्हणून त्या तारखेला आपण पत्रकार दिन पाळतो. त्या दिवशी शाल-श्रीफळ देताना भाषणांत हीच यादी वाचली जाते. ती यादी खोटी नसते, पण तिच्यामुळे या कामाची किंमत चुकीच्या जागी लावली जाते. तालुका वार्ताहराचे खरे मोल त्याने वर्षानुवर्षे न चुकता केलेल्या लहान नोंदींत आहे. गाजलेली बातमी हे त्या नोंदींवरचे व्याज. मुद्दल राखले नाही तर व्याज येत नाही, आणि आज महाराष्ट्रात तालुक्याच्या पत्रकारितेची चिंता करायची तर या मुद्दलाची करायला हवी, असे मला वाटते.

हे पडताळून बघायला बार्शीसारखे गाव नाही. ‘बार्शी तिथे सरशी’ असे बार्शीकर अभिमानाने म्हणतात आणि त्या म्हणण्याला आधारही आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडीच्या मुख्य मार्गावरून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आणली. पुढे १९११ पर्यंत ती लातूरला पोचली. त्या काळी लातूर, धाराशिव हा मुलूख निजामाचा आणि बार्शी इंग्रजांच्या ताब्यातली. म्हणजे एका राज्यातले धान्य दुसऱ्या राज्यातल्या पेठेत उतरत होते. १९४८ मध्ये ती सरहद्द गेली, १९५४ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सरकारकडे गेली, अलीकडे तिचे रूळही रुंद झाले. पण माणसांच्या पायाखालची वाट बदलली नाही. भूम, परंडा, कळंब, धाराशिव इथला माणूस आजही धान्य विकायला, दवाखान्याला, कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी उभ्या केलेल्या शाळा-महाविद्यालयांत मुलांना घालायला आणि भगवंताच्या दर्शनाला बार्शीलाच येतो. वर्तमानपत्राची आवृत्ती मात्र जिल्ह्याच्या हद्दीवर थांबते. बार्शी सोलापूरच्या पानावर आणि धाराशिव मराठवाड्याच्या. बार्शीत निघालेला तुरीचा भाव परंड्याच्या अंकात येईलच याची खात्री नसते. ही फट गावात मुरलेला वार्ताहरच ओळखतो, कारण त्याला आवृत्तीचा नकाशा आणि माणसांचा नकाशा हे दोन वेगळे आहेत हे पक्के ठाऊक असते.

त्याच्या कामाचा दिवस जवळून बघितला तर त्यात थरार फारसा नाही. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराकडे रात्रीत काय दाखल झाले हे बघणे, तहसीलमध्ये आणि पंचायत समितीत एक चक्कर, बाजार समितीत सौदे संपायच्या सुमाराला हजेरी, कोर्टाच्या आवारात वकिलांशी चार शब्द. यातली कौशल्याची जागा बाहेरून दिसत नाही. नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेचेच घ्या. विषयपत्रिका आधी वाटलेली असते, त्यावर गरमागरम चर्चा होते, कोणी सभात्याग करतो, फोटो निघतात, आणि निम्मे बातमीदार तेवढ्यावर उठून जातात. जुना मात्र शेवटपर्यंत बसतो, कारण पत्रिकेच्या तळाशी एक निरुपद्रवी ओळ असते: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. सभागृह रिकामे होत आल्यावर, चहाचे कप गोळा होत असताना, एखाद्या ठेक्याची मुदतवाढ किंवा एखाद्या जागेचा भाडेपट्टा त्या ओळीखाली वाचून मंजूर होऊ शकतो. त्याची डायरी अजून मिटलेली नसते. पुढच्या सभेत मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा विषय येतो तेव्हा तो इतिवृत्तातला ठराव आणि आपल्या डायरीतली ओळ ताडून बघतो. दोन्हींत तफावत निघाली तर बातमी. नाही निघाली तर डायरीत एक बरोबरची खूण. त्या खुणा मोजल्या तर बातम्यांच्या कितीतरी पट भरतील, आणि एवढ्या बरोबर निघालेल्या नोंदींमुळेच तफावतीची एक बातमी कोणी खोडून काढू शकत नाही.

न्यायालयाच्या बातमीतही तेच. अटकेची बातमी सगळ्यांना मिळते. नाव, गाव, वय, सगळे छापून येते. खटला चार-सहा वर्षे चालतो. आरोपी निर्दोष सुटतो तेव्हा ती बातमी द्यायला बहुतेक वेळा कोणी उरलेले नसते. बातमीदार बदललेला असतो, मुख्य कचेरीत त्या प्रकरणाचा कोणाला पत्ता नसतो. गावात त्या माणसाची ओळख मात्र अटकेच्या दिवशीचीच राहते. आपण कोणाच्या नावाने काय छापले होते याची वही ठेवणारा वार्ताहरच हा अर्धा राहिलेला हिशेब पुरा करू शकतो. निर्दोष सुटल्याच्या चार ओळी छापल्याने वर्तमानपत्राचा खप वाढत नाही. पण ज्या गावात बातमीदाराला आणि आरोपीला एकाच किराणा दुकानात उभे राहायचे असते, तिथे त्या चार ओळींवरच वर्तमानपत्राची पत ठरते.

पाऊस हा या भागातला सगळ्यात मोठा बातमीचा विषय, आणि सगळ्यात चुकीचा छापला जाणाराही. ‘तालुक्यात दमदार पाऊस’ हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण सरकारी मदतीचा हिशेब महसूल मंडळावर चालतो. एका मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी. शेजारच्या मंडळात ६० भरला तर नाही, मग दोन्ही गावांतले सोयाबीन सारखेच पाण्यात असो. म्हणून जाणता वार्ताहर तालुक्याची सरासरी छापून थांबत नाही. बार्शी, वैराग, पांगरी, आगळगाव असे मंडळवार आकडे घेतो आणि आदल्या वर्षांच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवतो. पैसेवारीचेही तसेच. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम, असे आकडे सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जाहीर होतात आणि पन्नास पैशांच्या वर-खाली होण्यावर शेतसाऱ्याची सूट, परीक्षा शुल्काची माफी, कर्जवसुलीची स्थगिती अशा सवलती वर्षानुवर्षे ठरत आल्या. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पर्जन्यमान, जमिनीतला ओलावा, पिकांची स्थिती, भूजल असे नवे निकष आले. नियम बदलला की अधिकारी नवा कागद दाखवतो आणि शेतकरी जुन्या आठवणीवर बोलतो. दोघांच्या मध्ये उभा राहून, ‘गेल्या खेपेला याच गावाला अमुक निकषावर मदत मिळाली होती, या खेपेला निकष असा बदलला आहे’, हे सांगू शकणारा माणूस तालुक्यात एखाददुसराच असतो. अधिकाऱ्याची तीन वर्षांत बदली होते. वार्ताहराची होत नाही.

नोंदीतून ज्ञान कसे उभे राहते याचा सर्वांत मोठा दाखला बार्शीतच आहे, आणि तो पत्रकारितेतला नाही. भारतातली ग्रामीण भागातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांच्या गावांत फिरणारे कार्यकर्ते कोणाला कर्करोग झाला, कोणत्या अवयवाचा, रुग्ण आहे की गेला, हे नोंदवत राहिले. बाहेरून बघणाऱ्याला ही कारकुनीच वाटली असती. पण खेड्यातल्या स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण किती ठळक आहे हे त्या वह्यांनी दाखवले. पुढे बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय यांच्या सहभागाने धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतात. जगभरच्या डॉक्टरांनी वाचलेला हा निष्कर्ष गावोगावच्या मृत्यूनोंदी चिकाटीने तपासल्याशिवाय निघाला नसता. ज्या गावाने एवढे पाहिले, त्या गावाला लहान नोंदीचे महत्त्व वेगळे पटवून द्यायला नको.

वर्तमानपत्रातल्या नोंदीला शास्त्राची शिस्त नसते हे मान्य. पण जोडण्याची रीत तीच असते. शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी साधारणपणे आठ-दहा ओळींची असते: नाव, गाव, वय, विष प्राशन केले की गळफास घेतला, नापिकी आणि कर्जाला कंटाळून, पश्चात पत्नी, दोन मुले. त्यानंतर जिल्हा पातळीवरची समिती ते प्रकरण मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते आणि पात्र ठरल्यास कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. त्या निर्णयाची बातमी क्वचितच येते, कारण तोवर ती ‘शिळी’ झालेली असते. ज्याच्या वहीत वर्षभरातली सगळी नावे एकाखाली एक आहेत, तोच समितीच्या यादीवरून बोट फिरवून विचारू शकतो, की यातली इतकी अपात्र का? जमीन बापाच्या नावावर होती म्हणून? कर्ज बँकेचे नसून सावकाराचे होते म्हणून? प्रत्येक प्रकरण सुटे बघितले तर ती त्या घराची दुर्दैवी घटना. वहीत एकत्र बघितले तर तो धोरणाचा प्रश्न होतो. राजधानीतला पत्रकार हा प्रश्न मोठ्या व्यासपीठावर मांडतो, आणि तो मांडावाच. पण त्याची पहिली यादी तालुक्याच्या एखाद्या वहीतूनच निघालेली असते.

यावर पहिला आक्षेप असा, की ही सगळी माहिती आता सरकारच देते. बाजारभाव पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आहेत, पावसाचे आकडे ऑनलाइन आहेत, माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. मग वहीची गरज काय? आक्षेप वजनदार आहे आणि अर्धा खराही. आकडा मिळवण्याचे कष्ट नक्कीच कमी झाले आहेत. पण आकडा मिळणे आणि आकडा कळणे यांत अंतर आहे. संकेतस्थळ कमाल दर सांगते. तो किती कट्ट्यांना लागला हे सांगत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा तर काय मागायचे हे आधी ठाऊक लागते, आणि ‘ऐनवेळच्या विषयात’ काय मंजूर झाले हे सभेला न बसलेल्या माणसाला सुचणारच नाही. शिवाय सरकारने दिलेला आकडा तपासायला सरकारबाहेरची एक नोंद लागते. पर्जन्यमापक बंद असल्याने शेजारच्या मंडळाचा आकडा लावला, अशा तक्रारी शेतकरी करतात तेव्हा त्या रात्री किती पाऊस झाला हे सांगणारा दुसरा कोणताच कागद नसेल, तर ती तक्रार हवेत विरते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. तालुक्याचा वार्ताहर हाच जाहिरात प्रतिनिधी असतो, आणि पुष्कळदा अंकाचा एजंटही. त्याला बातमीचे मानधन नाममात्र मिळते. घर चालते ते जाहिरातीच्या कमिशनवर, म्हणजे नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांवर, संस्थांच्या वर्धापनदिनांवर, दिवाळीच्या शुभेच्छांवर. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध तो लिहिणार कसा? हे खरे आहे आणि यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. दबलेल्या बातम्या प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि पत्रकाराचे ओळखपत्र दाखवून किरकोळ वसुली करणारेही आहेत. पण दोष कुठला हे नीट बघावे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पैसे घेऊन बातम्या छापण्याचा प्रकार एवढा बोकाळला, की प्रेस कौन्सिलने नेमलेल्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर सविस्तर अहवाल दिला. त्यात पुढे आलेला व्यवहार निवडणुकीच्या ‘पॅकेज’चा होता आणि तो व्यवस्थापनांच्या पातळीवर ठरत होता. वार्ताहराला पगार न देता जाहिरातीवर जगायला लावणारी व्यवस्था वर बसून त्याच्या नीतिमत्तेवर बोट ठेवते, हे बरे नव्हे. आणि इथेही नोंदीचा मुद्दा उपयोगी पडतो. मोठी बातमी दाबता येते. पण रोजचा भाव, मंडळवार पाऊस, सभेतला ठराव, कोर्टाचा निकाल या लहान गोष्टी दाबायला कोणी जाहिरात देत नाही. मिंधेपण असलेल्या माणसालाही या गोष्टी प्रामाणिकपणे करता येतात, आणि त्या केल्या तर गावाजवळ पुढे कामाला येईल असा पुरावा साठत जातो.

तिसरा आक्षेप जवळिकीचा. गावातला माणूस गावाविषयी निर्भीडपणे लिहील कसा, बाहेरचाच तटस्थ राहू शकतो, असे म्हणतात. इतिहास तसे सांगत नाही. सोलापुरात १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. त्यांतले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे पत्र चालवत होते. ते सोलापूरचेच होते. आपल्या काळातले उदाहरण द्यायचे तर राजापूरचे शशिकांत वारिसे. रिफायनरी प्रकल्पाविषयी ते लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांच्या दुचाकीवर जीप घातली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. पत्रकारांवरील हल्ल्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड ठरवणारा कायदा महाराष्ट्राने २०१७ मध्येच केला होता. बाहेरून आलेला पत्रकार बातमी देऊन रात्रीच्या गाडीने परततो. गावातल्या पत्रकाराला दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने दूध आणायला जायचे असते. जवळिकीमुळे माणूस दबतो हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की जवळ असल्याशिवाय काय लिहायचे हे कळत नाही.

चौथा आक्षेप आजचा. हातातल्या फोनवर अपघाताचा व्हिडिओ पाच मिनिटांत फिरतो, निधनाची बातमी समाजाच्या ग्रुपवर आधी येते. मग उद्याच्या पानासाठी थांबायचे कशाला? वेगाची ही शर्यत वार्ताहर हरला आहे आणि त्याने ती सोडून द्यावी. एके काळी बातमीचे पाकीट सोलापूरला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यावे लागे आणि ती गाडी चुकली की बातमी एक दिवस मागे पडे. नंतर फॅक्स आला, मग ई-मेल, आता सगळेच फोनवरून जाते. पाठवण्याचे साधन बदलले म्हणून तपासण्याचे काम बदलत नाही. ग्रुपवर फिरणाऱ्या मजकुराला तारीख नसते, जबाबदारी घेणारे कोणी नसते, चुकले तर दुरुस्ती नसते, आणि फोन बदलला की तो मजकूरही जातो. छापील ओळीला पहिल्या तीनही गोष्टी असतात, आणि ती टिकते. वारसाच्या भांडणात, जमिनीच्या दाव्यात, एखाद्या संस्थेच्या स्थापनेच्या वादात लोक जुनी कात्रणे शोधत वार्ताहराच्या घरी येतात ते याच कारणाने. जो बातमीदार फोनच्या वेगाशी स्पर्धा करायला जाऊन स्वतःच न तपासलेले पुढे ढकलू लागतो, तो मात्र आपल्या हाताने आपले काम संपवतो.

एवढे सगळे मान्य केले तर या माणसाच्या आयुष्याचा हिशेब आपण कसा ठेवतो हे बघायला हवे. १ जानेवारी १९३२ ला पुण्यात ‘सकाळ’ काढताना डॉ. ना. भि. परुळेकरांनी मतांपेक्षा बातमीला महत्त्व दिले आणि गावोगावचे बातमीदार जोडले. आज जिल्हावार आणि तालुकावार पाने निघतात ती त्याच वाटेवरची पुढची पावले. बार्शीशी नाते असलेले अनंत दीक्षित ‘सकाळ’च्या कोल्हापूर आणि पुणे आवृत्त्यांचे संपादक झाले, पुढे पुण्यात ‘लोकमत’चे, २०२० च्या मार्चमध्ये ते गेले तेव्हा महाराष्ट्राने त्यांची दखल घेतली, आणि ती योग्यच होती. पण संपादकाच्या कारकिर्दीला नेमणुकीचे पत्र असते, अग्रलेख असतात, पुस्तके असतात. गावातच राहिलेल्या वार्ताहराच्या कारकिर्दीला कागद नसतो. राज्य सरकारची बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाची ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजना आहे. साठ वर्षे वय आणि तीस वर्षे पत्रकारिता ही तिची मूळ अट. सुरुवातीला दरमहा ११ हजार रुपये मिळत, पुढे ती रक्कम २० हजार करण्यात आली. योजना चांगली आहे. अडचण पुराव्याची. पगारपत्रक नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, नेमणूक तोंडी, ज्या दैनिकासाठी पंधरा वर्षे लिहिले ते बंद पडलेले, आणि बातमीवर नाव नाही, नुसते ‘प्रतिनिधी’ किंवा ‘वार्ताहराकडून’. साऱ्या तालुक्याच्या नोंदी ठेवणाऱ्याजवळ स्वतःच्या तीस वर्षांची नोंद नसते.

म्हणून मागणे साधे आहे आणि ते सत्काराचे नाही. वर्तमानपत्रांनी वार्ताहराला वर्षाच्या शेवटी एक पत्र द्यावे: या वर्षी तुम्ही आमच्यासाठी काम केले. त्याला एका कागदाइतका खर्च आहे. आणि गावाने त्याच्या वह्या आणि कात्रणे सांभाळावीत. मोठ्या शहरांतली ग्रंथालये प्रमुख आवृत्त्यांचे अंक बांधून ठेवतात. तालुक्याच्या पानाची काळजी तालुक्यानेच घ्यायची असते. बार्शीत महाविद्यालये आहेत, वाचनालये आहेत, १९८० चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन गं. बा. सरदारांच्या अध्यक्षतेखाली याच गावाने भरवले होते. इतिहासाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी एका वर्षी एका निवृत्त बातमीदाराच्या घरी जाऊन त्याची कात्रणे तारखेने लावली, त्यांची छायाचित्रे काढून वाचनालयात ठेवली, तर एका उन्हाळी सुटीत एका माणसाचे तीस वर्षांचे काम वाचेल. घर आवरताना आधी रद्दीच निघते आणि तिचा भाव किलोवर ठरतो. या कात्रणांचा काटा होण्याआधी कोणीतरी त्या घरी जायला हवे.